हिरवा माउंट

मॉन्ट्रियलमध्ये माझं फ्रेमचं दुकान आहे. चित्र, लग्नाचा फोटो, डिग्रीचं सर्टिफिकेट, हॉकीची जर्सी, मेलेल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा, जे आणाल त्याला चौकट करून देते. नवरा गोदामात कामाला होता तेव्हा गॅरेजमध्ये एका हातकरवतीवर हे सुरू केलं. तो गेल्याला नऊ वर्षं झाली, दुकान आहे. कोणी शिकवलं नाही. फ्रेंचसुद्धा मी क्लासला जाऊन शिकले नाही. लाकडाच्या पट्ट्या विकणाऱ्यांशी, जागेच्या मालकाशी, सिटीच्या माणसांशी भांडत शिकले. त्यामुळे आजही त्या भाषेत मला भाव पाडता येतो, माफी मात्र धड मागता येत नाही.

भाव करताना माझा एक नियम आहे. गिऱ्हाईक गोष्ट सांगायला लागलं की कान बंद करायचे. आजीचं चित्र आहे, आजी फार गरीब होती, आजीने युद्ध बघितलं. शेवटी ती आजी आपल्या भावातूनच दहा टक्के घेऊन जाते. या नियमाने मला आयुष्यभर तारलं आणि एकदा चांगलंच गोत्यात आणलं.

ते म्हातारे चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुकानात आले. लांब कोट, काठी, आणि बाहेर उणे वीस असताना गळ्यात रेशमी रुमाल. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यात आयुष्य काढलेला माणूस. बायको इथली, म्हणून निवृत्तीनंतर इथे येऊन राहिले. पुढे तीही गेली. म्हाताऱ्यांचं मूळचं घराणं नाटकवाल्यांचं. आजी मुख्य नटी, आजोबांची फिरती कंपनी, आई नटी, आणि वडील प्रॉम्प्टर. म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या काठाशी एक खोपटं असायचं, त्यात मान खाली घालून बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा.

"आमच्या घरात टेबल नव्हतं," ते प्रत्येक वेळी सांगायचे, "ट्रंका होत्या. ट्रंकेवर जेवलो, ट्रंकेवर अभ्यास केला, आणि ट्रंकेवर बसूनच परराष्ट्र खात्याच्या परीक्षेचा अर्ज भरला. घरात एकाला तरी पेन्शन हवं होतं, मादाम."

मी मान हलवायची आणि काच कापत राहायची. तरी कितीतरी ऐकू यायचंच. निरनिराळ्या देशांत राहिले. बैठकांमध्ये अजेंड्याच्या कागदामागे समोरच्यांचे चेहरे काढायचे. एकदा असा एक कागद चुकून समोरच्या मंत्र्याकडे गेला. त्याने तो परत दिला नाही आणि करारावर सही केली. "माझं सगळ्यात यशस्वी चित्र," ते म्हणायचे. हॉटेलांच्या खोल्यांत, बाथरूमच्या उजेडात रंगवायचे. आणि रंगवायचे काय, तर कायम एकच गोष्ट. नाटकाची मागची बाजू. विंगा, रिकामी मेकअपची खोली, आईचे बूट, वडिलांचं खोपटं. रंगमंच कुठेच नाही.

गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग आले. समोर बघितलं की मधलं दिसत नाही, फक्त कडा दिसतात. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, मला ते उच्चारता येत नाही. ते स्वतःच त्यावर विनोद करायचे. "आता मला विंगा दिसतात, नाटक दिसत नाही. बापावर गेलो."

माझा राग त्यांच्या पहिल्या प्रदर्शनापासूनचा. लायब्ररीत सहा चित्रं लावली होती, सहाही चौकटी माझ्या. "पाटीवर तुमचं नाव टाकू" असं तोंडाने कबूल केलं होतं. मी साडी नेसून गेले. दाराशी पाटी होती. लायब्ररीचे आभार, वाइन देणाऱ्याचे आभार, पार्किंगमधला बर्फ काढणाऱ्या माणसाचेसुद्धा आभार. माझं नाव नाही.

"मस्यू, बर्फवाला आहे. मी कुठे आहे?" मी तिथेच विचारलं. लोक बघायला लागले.

"फ्रेम करणाऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही, मादाम. तशी पद्धत नाही."

ही पद्धत मला माहीत आहे. माझे वडील सांगलीकडच्या एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचे आणि प्रयोगाला तेच पडदे ओढायचे. शेवटी सगळे नट ओळीने उभे राहायचे, माइकवर एकेकाचं नाव यायचं, नेपथ्य, संगीत, प्रकाश, रंगभूषा, आणि मग ती ओळ: "आणि आमचे ज्ञात-अज्ञात सर्व सहकारी." वडील तेव्हा विंगेत दोर धरून उभे असायचे. घरी आम्ही भावंडं त्यांना चिडवायचो, "अज्ञात, जेवायला चला." ते हसायचे. मीही हसायची. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

म्हणून या हिवाळ्यात ते तेवीस चित्रं घेऊन आले तेव्हा मी तयारीत होते. आमच्या भागातल्या सांस्कृतिक केंद्राचा हॉल मिळाला होता. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारी चार.

"तेवीस चित्रं," ते म्हणाले, "आणि वय त्र्याऐंशी. शेवटचं प्रदर्शन. या दोन आकड्यांकडे बघून भाव सांगा, मादाम."

"वयाचा डिस्काउंट बसमध्ये मिळतो, मस्यू. इथे नाही."

दोन दुपारी आमची घासाघीस चालली. ते गोष्टी सांगायचे, मी कान बंद करायची. शेवटी मी माझं पान टाकलं. भाव त्यांचा, पण दाराशी पाटीवर माझं नाव, त्यांच्या नावाच्याच आकाराच्या अक्षरांत. आणि ते आज, माझ्यासमोर, कागदावर लिहून.

त्यांनी लिहिलं. "एका बंदराच्या करारालाही इतका घाम फुटला नव्हता," म्हणाले. "आता रंग तुमचा तुम्ही निवडा. मला दिसत नाही, मी तुमच्यावर सोडतो." जाता जाता दारात उभं राहून आणखी काहीतरी आजीचं सांगत होते. सौदा संपला होता तरी माझे कान बंदच होते. मी पट्ट्या कापायचं मशीन सुरू केलं.

रंग म्हणजे माउंटचा. चित्र आणि चौकट यांच्यामध्ये जो रंगीत पुठ्ठ्याचा पट्टा असतो तो माउंट. चित्र कसंही असो, माउंट चुकला की मेलं. मी चार दिवस पुठ्ठे लावून बघितले. चित्रं सगळी तपकिरी, धुळकट, दिव्याच्या पिवळ्या उजेडातली. मग एक गर्द हिरवा लावला आणि चित्रं जिवंतच झाली. तो रंग मी ओळखला. चुडा भरताना बांगड्यांचा असतो तो. आईच्या हातात होता, माझ्या हातात होता, मुलीच्या लग्नात तिकडे कॅनडाच्या पश्चिम टोकाला, बर्नाबीला मी पाठवला होता तोच. आमच्यात शुभ काही असलं की हिरवं. म्हटलं, म्हाताऱ्याचं शेवटचं प्रदर्शन, शुभ रंगात होऊ दे. इतका चांगला विचार मी गिऱ्हाइकासाठी सहसा करत नाही.

त्याच सुमारास ते न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलमध्ये गेले. सगळं त्यांच्या बायकोची भाची बघत होती. ही इथलीच, पन्नाशीची, दातांची डॉक्टर. तिला फोनवर फोटो पाठवला. "माग्निफिक!" म्हणजे फारच सुंदर, असं उत्तर आलं. मी तेवीसच्या तेवीस कापले. मंगळवारी हॉलमध्ये लावूनही झाले.

गुरुवारी सकाळी भाची पाटी दाखवायला दुकानात आली. माझं नाव होतं, आणि अक्षरं मी पट्टीने मोजली. बरोबर होती. कॉफी पिता पिता ती म्हणाली, "बरं झालं, काकांना फारसं दिसत नाही. माझ्या लग्नात करवलीने हिरवा ड्रेस घातला होता, तर तिला खांबामागे बसवलं त्यांनी."

"का?"

"नाटकवाले ना. त्यांच्यात हिरवा रंग म्हणजे अपशकुन. रंगमंचावर येऊच द्यायचा नाही. त्यांच्या आजीचं काहीतरी झालं होतं म्हणे." आणि हसली. "मी विसरलेच होते बघा."

मी कप खाली ठेवला. दारात उभं राहून ते काहीतरी सांगत होते. मशीनचा आवाज. आजीचा झगा. "एवढं एक सोडून, मादाम." असं म्हणाले होते का? की आता भीतीने मीच ते वाक्य तयार करत होते? आजही मला नक्की सांगता येत नाही.

भाची म्हणाली, त्यांना कळणारच नाही. ती गेल्यावर मीही स्वतःला तेच समजावलं. नाव पाटीवर आलं आहे, गप्प बस. मग मी दुसऱ्याच एका चित्रावर बिघडलेला एक हिरवा माउंट ठेवून ते भिंतीला टेकवलं, डोळ्यासमोर मूठ धरली आणि त्यांना दिसतं तसं बघायचा प्रयत्न केला. मुठीमागे चित्र गेलं. राहिला तो चारी बाजूंचा हिरवा पट्टा.

म्हणजे त्यांना चित्र दिसणारच नव्हतं. हिरवंच दिसणार होतं, तेवीस वेळा.

पुठ्ठेवाल्याला फोन केला. वादळाचा इशारा आहे, ट्रक सोमवारी. त्याच्यावर ओरडले, त्याने फोन ठेवला. दुकानात पांढुरका पुठ्ठा होता तो आठ माउंटपुरता. मुलीला फोन केला, तिथे सकाळचे आठ वाजले होते.

"आई, जस्ट टेल हिम."

"अगं, त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आत्ताच हॉस्पिटलमधून आलाय. काही झालं तर?"

"अँड इफ ही वॉक्स इन अँड सीज इट? देन व्हॉट?"

बूट चढवले आणि निघाले. मेट्रोत सगळा वेळ फ्रेंचमध्ये माफीचं वाक्य जुळवत होते. प्रत्येक वेळी ते भाव केल्यासारखंच वाटायचं.

त्यांच्या अपार्टमेंटमध्ये हीटर पूर्ण सोडलेला होता. खुर्चीत शाल घेऊन बसले होते, निम्मे झालेले. मी कोटसुद्धा काढला नाही.

"मस्यू, माउंट हिरवा लावलाय. सगळ्या चित्रांना."

आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. "मी सांगितलं होतं! दारात उभं राहून सांगितलं होतं!"

"मशीन चालू होतं."

"तुमचं मशीन कायम चालू असतं! चार वर्षं मी त्या मशीनशी बोलतोय!"

"कारण तुमची प्रत्येक गोष्ट भाव पाडायला असते! कुठली खरी आणि कुठली दहा टक्क्यांची, मला काय स्वप्न पडणार?"

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. मग त्यांनी सांगितलं, हळू, माझ्याकडे न बघता. आजीने एकदा दुपारच्या खेळाला हिरवा झगा घातला. दुसरा फाटला होता म्हणून. दुसऱ्या अंकात वाक्याच्या मध्यावर ती थांबली. खोपट्यातून वडिलांनी शब्द दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दिला. "तिला ऐकू येत होतं, मादाम. घेता येत नव्हतं. त्या दिवशी पडदा पडला तो पडला. नंतर ती हळूहळू सगळंच विसरली. आम्हालासुद्धा." त्यांनी शाल ओढली. "गेल्या महिन्यात एक अख्खी सकाळ मला माझ्या बायकोचं नाव आठवलं नाही. आणि शनिवारी मी त्या हॉलमध्ये जाऊन बोलायचं? हिरव्याच्या मध्ये उभं राहून? मी नाही येत. चित्रं उतरवा."

मला दरदरून घाम सुटला होता, पण ही जागा मला ओळखीची होती. समोरचा नाही म्हणतो तिथून माझं काम सुरू होतं.

"आमच्याकडे हिरवं शुभ असतं," मी म्हटलं. "लग्नात नवरीला हिरवा चुडा भरतात. पोटुशी बाईला हिरवी साडी नेसवतात. मी तो रंग वाईट म्हणून नाही लावला. माझ्याकडे होतं त्यातलं चांगलं लावलं."

"तुमच्याकडे. माझ्याकडे नाही."

"मग वाटून घेऊ. आठ मी बदलू शकते. कुठली आठ, ते तुम्ही सांगा."

त्यांनी बोटांवर मोजली. आजीची तीन, आईची चार, आणि वडिलांचं खोपटं. पंधरा हिरवी राहणार होती.

"त्या पंधराचा उतारा काय?" मी विचारलं. "प्रत्येक अपशकुनाला उतारा असतो. तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात हिरव्याला उतारा नाही." मग त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना बैठकीतला भाव आला, ज्याची मला चीड यायची, पण त्या दिवशी जो बघून फार बरं वाटलं. "पण सोपवता येतं. पाटी बदला. 'चौकटी आणि हिरवा रंग', आणि पुढे तुमचं नाव. मी शिरायच्या आधी तुम्ही शिरायचं. जे काय व्हायचं ते त्या नावाला होईल."

"मी नाव मागितलं होतं, मस्यू. इडापिडा नाही."

"आता दोन्ही एकत्र मिळतंय. घ्यायचं तर घ्या."

आम्ही कुळाचार न पाळणारे लोक. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची नाही माझ्या. तरी चटकन हो म्हणवेना. मुलीला डिसेंबरात दिवस गेल्याचं कळलं होतं. मनात पहिलं तेच आलं. मग त्यांच्याकडे बघितलं. ओठांतल्या ओठांत बायकोचं नाव म्हणून बघत होते.

"अक्षरांचा आकार तोच," मी म्हटलं.

"तोच."

शुक्रवारी आठ माउंट कापले, प्रत्येक तीनदा मोजून. शनिवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, तरी चाळीसेक माणसं आली. सगळ्यांनी बूट काढून दाराशी ओळीने लावले होते. पाटीवर भाचीने नवीन ओळ चिकटवली होती. मी ती वाचली. कितीतरी वर्षं ज्याची वाट बघितली ते बघून पाटी उलटी करून ठेवावीशी वाटली.

मी आधी आत गेले. हातात चार हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. का, ते विचारू नका. मागून ते आले. उंबरठ्यावर थांबून काठी तीन वेळा जमिनीवर आपटली. त्यांच्या नाटकात पडदा उघडण्याआधी असे तीन ठोके देतात. आमच्याकडे तीन घंटा होतात. हॉल शांत झाला. भाची त्यांना मधोमध घेऊन गेली. मी भिंतीच्या कडेला, आठ पांढऱ्यांच्या बाजूला उभी राहिले. एका जागी सगळी पांढरी मीच लावली होती, त्यांना तिकडे बघता यावं म्हणून. पण ते तिकडे बघत नव्हते.

"मित्रहो," ते म्हणाले. आवाज चांगला होता, नटीच्या नातवाचा. "मी नाटकवाल्यांच्या घरात जन्मलो. आमच्या घरात टेबल नव्हतं."

आणि थांबले.

लोकांना वाटलं, परिणामासाठी थांबलेत. कोणीतरी हसलंसुद्धा. मी त्यांच्या काठीकडे बघितलं. मुठीची बोटं पांढरी झाली होती. भाची माझ्याकडे बघायला लागली. पुढचं वाक्य तिलाही माहीत असणार, पण ती जागची हलली नाही.

चार वर्षं मी कान बंद ठेवले असं म्हणत होते. पण पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता, आणि त्याच्या पुढचाही.

"ट्रंका होत्या," मी हळूच म्हटलं.

ते हलले नाहीत.

मी एक पाऊल पुढे झाले. "ट्रंका होत्या."

मान थोडी वळली, पण माझ्याकडे नाही. ऐकू येत होतं. घेता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो फाटका झगा, ते खोपटं, पडलेला पडदा, सगळं मी न बघितलेलं उभं राहिलं. हे माझ्या नावावर होतं, लिहून घेतलेलं. मला भयंकर राग आला, कोणावर ते कळेना, आणि दुकानात गिऱ्हाइकावर ओरडते त्या आवाजात मी ओरडले,

"ट्रंका, मस्यू! ट्रंकेवर जेवलात!"

पहिल्या रांगेतली एक बाई दचकली. ते माझ्या दिशेला वळले, आणि डोळे माझ्या थोडे बाजूला रोखले, कडेने बघता यावं म्हणून.

"ट्रंका होत्या," ते म्हणाले. "ट्रंकेवर जेवलो. ट्रंकेवर अभ्यास केला." आणि सुटले. मंत्र्याचा कागद आला, हॉटेलातली बाथरूम आली, खोपट्यातले वडील आले. मी भिंतीला टेकून उभी होते. एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

शेवटी आभार. केंद्र, वाइनवाला, भाची. मग थांबले. मी पुन्हा एक पाऊल पुढे झाले. पण या वेळी ते परिणामासाठी थांबले होते.

"चौकटी त्या बाईंच्या आहेत. हा हिरवा रंगही त्यांचाच. मला तो अजिबात आवडलेला नाही. आणि आत्ता मला शब्द दिला तोही त्यांनीच." त्यांनी माझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. सगळा हॉल माझ्याकडे वळला. काही लोक टाळ्या वाजवायला लागले.

हात कुठे ठेवायचे ते मला समजेना. बांगड्या वाजत होत्या. वर बघितलं तर दिवा डोळ्यात गेला, खाली बघितलं तर पायात नुसते मोजे. धरायला काहीतरी हवं होतं. वडिलांच्या हातात निदान दोर असायचा.